रॉड सर्लिंग : पटकथा, प्रायोजक आणि मास्तरकी

आपल्याकडे एखाद्या चांगलं चाललेल्या माणसाने शिकवायला सुरुवात केली की लोक दोनच अर्थ काढतात. एक, ह्याचं बाहेर काही जमत नाहीये. दोन, ह्याने पुरेसे कमावलेत, आता टाईमपास चाललाय. आमच्या ऑफिसातले एक सीनियर शनिवारी एका इंजिनियरिंग कॉलेजात तास घ्यायला जातात. त्यांच्याबद्दल कँटीनमध्ये ह्या दोन्ही थियऱ्या ऐकून झाल्या आहेत. तिसरी शक्यता कोणी मांडतच नाही. की बुवा, जे काम आपल्याला नीट करायचंय ते करायला कदाचित वर्ग हीच बरी जागा असेल.

ह्या तिसऱ्या शक्यतेचा विचार करताना मला नेहमी रॉड सर्लिंग आठवतो. 'द ट्वायलाईट झोन' ही अमेरिकन मालिका ज्यांनी पाहिलीये त्यांना नाव माहीत असेलच. ज्यांनी नाही पाहिली त्यांच्यासाठी: दर भागात वेगळी गोष्ट, वेगळी पात्रं, शेवटी एक झटका आणि निवेदन करायला काळ्या सुटातला, ओठ फारसे न हलवता बोलणारा एक सडपातळ माणूस. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी वाचत मोठे झालेल्यांना ही मालिका एकदम घरची वाटेल. तर तो सुटातला माणूस म्हणजे सर्लिंग. मालिका त्याची, निर्मिती त्याची आणि एकूण १५६ भागांपैकी ९२ भागांचं लेखनही त्याचंच. आणि हाच माणूस आयुष्याची शेवटची आठ वर्षं न्यूयॉर्क राज्यातल्या एका छोट्या गावातल्या कॉलेजात पोरांना शिकवत होता. हे कसं झालं त्याची ही गोष्ट.

सर्लिंगचा जन्म १९२४ चा, बरोब्बर नाताळच्या दिवशीचा. बालपण न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावात गेलं. १९४३ मध्ये शाळा संपली तशी लगेच सैन्यात भरती, आणि तिथे पॅराशूट रेजिमेंटमध्ये. फिलिपीन्समधल्या लेटे बेटावरची लढाई त्याने पाहिली. तिथली एक गोष्ट त्याच्या चरित्रांत हटकून येते. विमानातून टाकलेली रसदीची पेटी त्याच्या एका मित्राच्या अंगावर पडली आणि तो जागच्या जागी गेला. शत्रूची गोळी नाही, बॉम्ब नाही, जेवणाची पेटी! माणसाचं मरण इतकं विनाकारण असू शकतं, हे विशीतल्या पोराने बघितलं. पुढे त्याच्या गोष्टींत नशीब जे अचानक तिरकं चालतं, त्याचं मूळ इथे शोधायला फार लांब जावं लागत नाही.

युद्धानंतर सरकारच्या माजी सैनिकांसाठीच्या शिष्यवृत्तीवर तो ओहायोतल्या अँटिऑक कॉलेजात गेला. आधी शारीरिक शिक्षण, मग गाडी साहित्याकडे वळली. ह्या कॉलेजची एक खासियत म्हणजे थोडे महिने वर्ग आणि थोडे महिने बाहेर नोकरी. आपण ज्याला आज इंटर्नशिप म्हणून डोक्यावर घेतो तो प्रकार तिथे तेव्हाही रुळलेला होता. त्यात त्याने रेडिओत काम केलं. शिवाय पैशासाठी नव्या पॅराशूटच्या चाचण्या घेतल्या, म्हणजे स्वतः उड्या मारून! १९५० ला पदवी मिळाली आणि सिनसिनाटीच्या एका रेडिओ-टीव्ही केंद्रात नोकरी लागली.

इथून पुढचा भाग आपल्या मंडळींना फारच ओळखीचा वाटेल. दिवसा केंद्रासाठी जाहिराती आणि छापील पद्धतीचे कार्यक्रम लिहायचे, संध्याकाळी घरी येऊन स्वतःची नाटकं. पाठवायची, नकार यायचा, पुन्हा पाठवायची. शेवटी त्याने नोकरी सोडली आणि पूर्ण वेळ स्वतंत्र लेखन सुरू केलं. बायको आणि घर मागे असताना. (आपल्यातल्या किती जणांनी "एक दिवस नोकरी सोडून स्वतःचं काहीतरी" हे वाक्य म्हटलंय आणि किती जणांनी खरंच सोडलीये, हात वर करा.)

१२ जानेवारी १९५५ ला त्याचं 'पॅटर्न्स' हे नाटक टीव्हीवर लागलं. तेव्हा नाटकं थेट प्रक्षेपित व्हायची. नट स्टुडिओत काम करताहेत आणि देश त्याच क्षणी बघतोय, असा मामला. रेकॉर्डिंग चांगल्या दर्जाचं नसे, त्यामुळे एकदा झालं की संपलं. पण 'पॅटर्न्स' लोकांना इतकं आवडलं की चार आठवड्यांनी तेच नाटक पुन्हा थेट सादर करावं लागलं. त्या काळात ही जवळजवळ न ऐकलेली गोष्ट होती.

'पॅटर्न्स'ची गोष्ट तर कुठल्याही कंपनीत काम करणाऱ्याने बघावी अशीच आहे. ओहायोतल्या एका कारखान्यातला तरुण, हुशार इंजिनियर न्यूयॉर्कच्या हेड ऑफिसात आणला जातो. मोठं केबिन, मोठा पगार. हळूहळू त्याच्या लक्षात येतं की आपल्याला आणलंय ते एका म्हाताऱ्या, सज्जन अधिकाऱ्याच्या जागी बसवायला. त्या म्हाताऱ्याला काढत नाहीत. काढलं तर बरं दिसत नाही ना! त्याने स्वतः राजीनामा द्यावा म्हणून मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर रोज थोडं थोडं सोलतात. पुढे काय होतं ते सांगत नाही. पण एवढं सांगतो की त्यातला बॉस हा नुसता खलनायक नाही. त्याचं म्हणणं ऐकलं की क्षणभर पटतं, आणि तेच भयानक आहे.

दुसऱ्या वर्षी, ११ ऑक्टोबर १९५६ ला 'रेक्विम फॉर अ हेवीवेट' आलं. एका मुष्टियोद्ध्याची कारकीर्द संपते तेव्हा त्याचं काय होतं, ही त्याची गोष्ट. सर्लिंग स्वतः सैन्यात असताना बॉक्सिंग करायचा, त्यामुळे ते जग त्याला आतून माहीत होतं. दोन्ही नाटकांना एमी मिळालं. आयुष्यात त्याला एकूण सहा एमी मिळाली. तिशी नुकतीच ओलांडलेला हा माणूस अमेरिकन टीव्हीचा पहिल्या फळीतला लेखक झाला होता.

आता इथे एक यंत्रणा समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. पन्नासच्या दशकात अमेरिकेत टीव्ही कार्यक्रम बऱ्याचदा अख्खाच्या अख्खा एका कंपनीने प्रायोजित केलेला असायचा. नावंच बघा ना: 'क्राफ्ट टेलिव्हिजन थिएटर', 'युनायटेड स्टेट्स स्टील अवर'. चीज विकणारी कंपनी आणि पोलाद विकणारी कंपनी. कार्यक्रमाला कंपनीचंच नाव असल्यामुळे तिची जाहिरात एजन्सी संहिता वाचायची आणि शेरे मारायची. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रायोजक हा क्लायंट, आणि क्लायंटला कोड रिव्ह्यूचे पूर्ण अधिकार. त्याला कोड कळतो की नाही हा प्रश्नच नाही.

ह्याचे काही किस्से विनोदी आहेत. 'जजमेंट ॲट न्यूरेंबर्ग' ह्या ॲबी मान याने लिहिलेल्या १९५९ च्या नाटकात नाझींच्या गॅस चेंबरचा उल्लेख होता. प्रायोजकांत गॅस कंपन्यांची संघटना होती, म्हणून 'गॅस' हा शब्द प्रक्षेपणात ऐकू येऊ दिला नाही! लाखो माणसं मेली त्याला हरकत नाही, पण गॅसला नाव ठेवू नका. सर्लिंग हा किस्सा मुलाखतींत सांगत असे.

पण सगळेच किस्से हसण्यासारखे नव्हते. ऑगस्ट १९५५ मध्ये मिसिसिपीत एमेट टिल ह्या १४ वर्षांच्या काळ्या मुलाची दोन गोऱ्यांनी हत्या केली. महिन्याभरात गोऱ्या ज्यूरीने त्या दोघांना निर्दोष सोडलं. सर्लिंग हादरला. एक अख्खा गाव आपल्या खुन्याला कसा पाठीशी घालतो, ह्यावर त्याला लिहायचं होतं. मारला जाणारा माणूस काळा दाखवणं टीव्हीला चालणार नाही हे त्याला माहीत होतं, म्हणून त्याने स्वतःच तो एक म्हातारा ज्यू दुकानदार केला. पण ही गोष्ट टिल प्रकरणावरून घेतली आहे अशी बातमी फुटली. दक्षिणेतल्या वर्णद्वेषी संघटनांनी बहिष्काराच्या धमक्या दिल्या. मग सुरू झाले शेरे. गावाचं ठिकाण दक्षिणेतलं नको, उत्तरेतलं करा. मेलेला माणूस ज्यू नको, कुठलातरी परदेशी करा. आणि हो, पात्रांच्या हातातल्या कोका-कोलाच्या बाटल्यासुद्धा काढा, कारण कोक म्हटलं की लोकांना दक्षिण आठवते. एप्रिल १९५६ मध्ये 'नून ऑन डूम्सडे' ह्या नावाने जे प्रक्षेपित झालं, त्यात मूळ रागाचा मागमूस नव्हता.

त्याने पुन्हा प्रयत्न केला. १९५८ मध्ये 'अ टाऊन हॅज टर्न्ड टू डस्ट'. तिथेही तेच. काळ शंभरेक वर्षं मागे, मारला जाणारा तरुण मेक्सिकन. ज्याच्यासाठी लेखणी उचलली त्या मुलाचा पत्ताच नाही. एका १४ वर्षांच्या पोराची गोष्ट दोनदा सांगायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा ती गोष्ट कोणाचीच राहिली नाही.

ह्या सगळ्यातून त्याने जे काढलं ते अस्सल इंजिनियरी उत्तर आहे. १९५६ मध्ये त्याचं 'द अरीना' हे अमेरिकन सिनेटवरचं नाटक झालं होतं. त्यात सिनेटरांना तेव्हाच्या एकाही खऱ्या प्रश्नावर बोलायची परवानगी नव्हती. त्यावर सर्लिंगने नंतर लिहिलं, त्याचा आशय असा: हेच नाटक शंभर वर्षं पुढे नेऊन सिनेटमध्ये यंत्रमानव बसवले असते तर मला हवं ते बोलता आलं असतं. म्हणजे फिल्टर शब्द बघतो, अर्थ बघत नाही. मग शब्द बदला!

२ ऑक्टोबर १९५९ ला 'द ट्वायलाईट झोन' सुरू झालं. त्याच्या दहा दिवस आधी माईक वॉलेसने त्याची मुलाखत घेतली. आता तुम्ही टीव्हीवर महत्त्वाचं काही लिहायचं सोडून दिलंत का, असा त्याचा रोख होता. सर्लिंगनेही तो आरोप जवळजवळ मान्यच केला. आता सामाजिक प्रश्नांवर भांडण करायचं नाही, चांगल्या अर्ध्या तासाच्या गोष्टी सांगायच्या. एवढंच. आज ती मुलाखत बघताना गंमत वाटते. कारण मार्च १९६० मध्ये 'द मॉन्स्टर्स आर ड्यू ऑन मेपल स्ट्रीट' लागलं. एका गल्लीतले दिवे जातात, कोणीतरी म्हणतं की आपल्यात परग्रहवासी लपलेत, आणि रात्र संपायच्या आत शेजारी शेजाऱ्याच्या जिवावर उठतो. प्रायोजकाला दिसले परग्रहवासी. बघणाऱ्यांना दिसला गाव.

अर्थात छोटे शेरे इथेही चालूच होते. एका भागात ब्रिटिश जहाजावरच्या माणसांनी चहा मागवला होता. प्रायोजक होता कॉफीवाला. चहाचं नाव कापलं! ब्रिटिश जहाजावर चहा नाही. असो.

तीन वर्षं हा माणूस एखाद्या कारखान्यासारखा लिहीत होता. डिक्टाफोनवर गोष्टी बोलून काढायचा आणि सेक्रेटरी टाईप करायची. सिगारेटी पाकिटामागून पाकिटं. १ जून १९६२ ला तिसऱ्या वर्षाचा शेवटचा भाग लागला, 'द चेंजिंग ऑफ द गार्ड'. तो सर्लिंगनेच लिहिलेला आहे, आणि माझ्या मते ह्या लेखाचा कणा तिथे आहे.

त्या भागात फाऊलर नावाचे एक म्हातारे मास्तर आहेत. ५१ वर्षं मुलांच्या शाळेत साहित्य शिकवलं. नाताळच्या सुट्टीआधी शाळा सांगते की आता तुम्ही निवृत्त व्हा. मास्तर घरी येऊन जुनी वार्षिकं चाळतात आणि ठरवतात की आपल्या शिकवण्याने कोणाचंही काहीही झालेलं नाही. खिशात पिस्तूल घेऊन रात्री बर्फात शाळेच्या आवारात जातात. तेवढ्यात वर्गाची घंटा वाजते. वर्गात मास्तरांचे जुने विद्यार्थी बसलेले, सगळे मेलेले. त्यातला एकेक उठतो आणि सांगतो की मी मेलो तो कसा आणि का, आणि तुम्ही शिकवलेलं त्या वेळी माझ्या कसं उपयोगी पडलं.

मास्तर पिस्तूल घेऊन ज्या पुतळ्यापाशी उभे राहतात तो पुतळा आहे होरेस मान ह्या शिक्षणतज्ज्ञाचा. माणुसकीसाठी काहीतरी जिंकल्याशिवाय मरायची लाज वाटली पाहिजे, अशा अर्थाचं त्याचं वचन पुतळ्यावर कोरलेलं आहे. आता हा होरेस मान कोण? अँटिऑक कॉलेजचा पहिला अध्यक्ष. सर्लिंगच्याच कॉलेजचा! आणि ते वचन म्हणजे त्या कॉलेजचं ब्रीदवाक्य.

ह्या भागानंतर काही महिन्यांतच सर्लिंग अँटिऑकला शिकवायला गेला. व्यावहारिक कारण असं की चौथ्या वर्षासाठी प्रायोजक वेळेवर मिळाला नाही आणि सीबीएसने ती वेळ दुसऱ्या कार्यक्रमाला दिली. पण जाताना त्याने दिलेली कारणं वेगळीच होती. प्रचंड थकवा आलाय, जागाबदल हवाय, आणि जरा श्वास सोडायचाय. १९६२ चे शेवटचे महिने त्याने ओहायोत वर्ग घेतले. जानेवारी १९६३ मध्ये मालिका तासाभराच्या स्वरूपात परत आली, तो परतला, आणि जून १९६४ ला ती कायमची बंद झाली.

पुढे त्याने मालिकेतले आपले हक्क सीबीएसला विकून टाकले. जुन्या मालिका पुन्हा पुन्हा दाखवून कोणी मोठा पैसा करेल असं तेव्हा त्याला वाटलं नसावं. आज साठ वर्षांनंतरही ती चालू आहे, त्यामुळे हिशोब तुम्हीच करा.

सिनेमात त्याचं बरं चाललं होतं. १९६४ चा 'सेव्हन डेज इन मे' त्याचा. 'प्लॅनेट ऑफ द एप्स' (१९६८) च्या पटकथेवर त्याचं आणि मायकेल विल्सनचं नाव आहे. शेवटी वाळूत अर्धा गाडला गेलेला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा दिसतो ते दृश्य मूळ फ्रेंच कादंबरीत नाही, आणि त्याचं श्रेय बहुतेक जण सर्लिंगलाच देतात. नीट बघितलं तर तो ट्वायलाईट झोनच्या भागाचाच शेवट आहे. पण टीव्हीवर मात्र उतार लागला. 'नाईट गॅलरी' (१९७० ते १९७३) मध्ये लोकांना दिसायचा सर्लिंग, पण निर्णय दुसऱ्याचे. त्याच्या संहिता नाकारल्या जायच्या किंवा बदलल्या जायच्या. जो चेहरा मालिकेची ओळख होता, त्याच्या हातात मालिका नव्हती. नुसता ब्रँड.

ह्याच काळात, १९६७ पासून, तो इथाका कॉलेजात शिकवत होता. इथाका कायुगा सरोवराच्या काठावर आहे. त्याच सरोवराकाठी त्याचं उन्हाळ्यातलं घर होतं, आणि आपल्या निर्मिती कंपनीचं नावही त्याने 'कायुगा' ठेवलं होतं. वर्गात तो स्वतःचेच भाग दाखवायचा आणि पोरांना म्हणायचा, फोडा. काय चुकलंय सांगा. सहा एमीवाला माणूस विशीतल्या पोरांपुढे स्वतःचं काम टीकेला ठेवतोय! आपल्याकडे दोन वर्षं सीनियर असलेला माणूस रिव्ह्यू कमेंट मनाला लावून घेतो, हे आठवलं की ह्याचं महत्त्व कळतं.

सर्लिंगला मी संत करत नाहीये. ज्या जाहिरातवाल्यांनी त्याच्या संहिता कापल्या, त्यांच्याच जाहिरातींत तो पुढे झळकला. सिगारेट विकली, बियर विकली. एका गेम शोचं सूत्रसंचालनही केलं. पैसा त्याला आवडायचा आणि ते त्याने लपवलं नाही. पण डिसेंबर १९६८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मूरपार्क कॉलेजात त्याचं भाषण ठरलं होतं. मानधन घ्यायचं तर सरकारशी निष्ठेच्या शपथपत्रावर सही करायची अट होती. त्याने सही केली नाही, मानधन सोडलं आणि भाषण फुकट दिलं. स्टुडिओत जो माणूस शंभर तडजोडी करायचा, तो कॉलेजच्या दारात एकही करायला तयार नव्हता.

मला वाटतं, त्याच्या शिकवण्याचं उत्तर इथे आहे. तो हरून वर्गात गेला असं म्हणता येत नाही, कारण सिनेमे चालू होते. रिकामा होता म्हणून गेला असंही नाही. टीव्हीवर त्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या मध्ये कायम कोणीतरी बसलेलं असायचं, चहा कापणारं, गॅस कापणारं, एमेट टिलला कापणारं. वर्गात मध्ये कोणी नव्हतं. समोर वीस-पंचवीस पोरं, ऐकणारे कमी, पण जे बोललं ते जसंच्या तसं पोचणार.

मे १९७५ मध्ये त्याला हृदयविकाराचा झटका आला. जूनमध्ये रॉचेस्टरला शस्त्रक्रिया झाली, आणि २८ जूनला तो गेला. वय ५०. त्याचे वडीलही पन्नाशीच्या आसपास हृदयविकारानेच गेले होते. त्याची बरीच कागदपत्रं पुढे पत्नी कॅरलने इथाका कॉलेजला दिली, म्हणजे ज्या पोरांना तो शिकवायचा त्यांच्या पुढच्या पिढ्यांना त्याचे खाडाखोड केलेले मसुदे तिथेच बघायला मिळतात.

तर मंडळी, ह्या वीकेंडला वेळ असेल तर दोन गोष्टी बघा. शनिवारी 'पॅटर्न्स', म्हणजे सोमवारच्या मीटिंगमध्ये कोण कोणाला सोलतंय ते जरा लक्षात येईल. आणि रविवारी 'चेंजिंग ऑफ द गार्ड'. तो जेमतेम पंचवीस मिनिटांचा आहे. बघून झालं की तुमच्या एखाद्या जुन्या सरांना किंवा बाईंना फोन करावासा वाटेल. तेव्हा आळस करू नका, करून टाका.